कापलेला खोकला

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. जिच्या घरी हे घडलं ती माझी सख्खी मावशी. आणि शेवटचं तर मी माझ्या कानांनी... पण ते ओघाने येईल.

फेब्रुवारीतला गुरुवार. लख्ख ऊन. दुपारी चारचा सुमार.

मावशीचे यजमान सुतारकाम शिकवायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, मावशीसुद्धा. जन्मभर लाकडाचा भुसा छातीत गेला आणि शेवटी छातीनेच दगा दिला. पण जायच्या आधी त्यांनी मावशीच्या हातात मोबाइल दिला आणि घरामागच्या कामाच्या खोलीत नऊ धडे चित्रित करून घेतले. रंधा कसा धरायचा, सांधा कसा बसवायचा.

ते गेल्यावर विद्यार्थी म्हणाले, "काकू, सगळे धडे जोडून एक फिल्म करून द्या ना."

अडचण एकच होती. खोकला.

दर दोन मिनिटांनी मास्तर रुमाल तोंडाला लावून वाकायचे. मोबाइलमागून मावशीचा आवाज यायचा, "पाणी देऊ का?"

"नको. चालू ठेव."

मावशीने ठरवलं, हे सगळं काढून टाकायचं. पोरांना मास्तर धडधाकट दिसले पाहिजेत.

घरात एक जुनाट लॅपटॉप होता. दुरुस्तीवाल्याने त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घालून दिली होती. मावशीने त्यालाच फोन लावला.

"व्हिडिओ कापायचेत रे. नवशिक्याला झेपेल असं काय आहे?"

त्याने तीन सॉफ्टवेअरची नावं सांगितली. पहिलं उघडलं तर पडद्यावर बटणंच बटणं. "मला काय विमान उडवायचंय?" म्हणत मावशीने ते काढून टाकलं. दुसऱ्यात एक पट्टी हलवली की भलतीच सरकायची. तिसरं मात्र साधंसुधं. कापा, जोडा, संपलं. त्यावर तिचा हात बसला.

"पण मूळ व्हिडिओच बिघडले तर? माझ्याकडे तेवढेच आहेत."

"काकू, हे सॉफ्टवेअर मूळ फाईलला हातच लावत नाही. तुम्ही बिनधास्त कापा."

मावशीने बिनधास्त कापलं. कानांना हेडफोन लावून, चार दुपारी. एकेचाळीस वेळा खोकला. एकेचाळीस वेळा "पाणी देऊ का?". एकेचाळीस वेळा "नको".

गुरुवारी शेवटचा तुकडा कापला. हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

खोकला ऐकू येतच होता...

मावशीला वाटलं, व्हिडिओ चालू राहिला. तिने लॅपटॉप मिटला.

तरीही...

आवाज मागून येत होता. कामाच्या खोलीतून.

खोलीला कुलूप होतं. किल्ली मावशीच्या कमरेला.

ती दारापाशी गेली. आतला खोकला क्षणभर थांबला. आणि मग आतून एक बाई म्हणाली,

"पाणी देऊ का?"

तो मावशीचाच आवाज होता.

तिने कुलूप काढलं. आत बाकडं, रंधे, खिडकीतून आलेलं ऊन. चिटपाखरू नाही.

धावत येऊन तिने लॅपटॉप उघडला. कापलेलं सगळं परत आणलं. तुकडे परत आले. मास्तर वाकले, रुमाल तोंडाला गेला, खांदे गदागदा हलले...

त्या तुकड्यांना आवाज मात्र नव्हता.

तिने मूळ फाईल उघडली. तिथेही तेच. मग मोबाइलमधली. तिथेही!

"असं होऊच शकत नाही, काकू," दुरुस्तीवाला म्हणाला. "दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा."

तिने पहिलं परत घातलं. दुसरंही घातलं. तिसरं पुसून नव्याने घेतलं. दुरुस्तीवाला स्वतः येऊन दोन तास बसला. मान हलवत उठला. जाताना त्याने चप्पल उलटसुलट घातली, पण थांबून बदलली नाही. कारण चार वाजत आले होते, आणि चारला काय होतं ते मावशीने त्याला सांगितलं होतं.

फिल्म विद्यार्थ्यांना फार आवडली. "मास्तर शेवटपर्यंत किती ठणठणीत होते!" सगळे म्हणाले.

घरी रोज चार वाजता तेच. खोकला. तिचा प्रश्न. मास्तरांचं "नको".

महिनाभराने आतलं "नको" बंद झालं.

तिचा आवाज विचारायचा, "पाणी देऊ का?" आणि मग नुसता श्वास... घरघरणारा.

एका मंगळवारी उत्तर आलं.

"दे."

मावशीने तांब्या भरला. ती इतक्या घाईने निघाली की निम्मं पाणी वाटेतच सांडलं. दार उघडलं तर आत कोणी नव्हतं. तिने तांब्या बाकड्यावर ठेवला, दार लोटलं, बाहेर उभी राहिली.

"दे ना..."

तिने पुन्हा उघडलं. पाणी होतं तेवढंच.

त्या दिवशी तिने पेला ठेवला, वाटी ठेवली, शेवटी अख्खी कळशी नेऊन ठेवली. एक थेंब कमी झाला नाही. आणि आतून मागणं थांबलं नाही.

हे सगळं तिने मला मागच्या आठवड्यात सांगितलं. म्हटलं, चल मावशी, माझ्याकडे राहायला चल. ती येईना. मग मीच चार वाजता तिच्याबरोबर त्या दारापाशी बसले.

सव्वाचार झाले. साडेचार. पाच.

काहीच नाही.

मला हायसं वाटलं. खरं सांगते, मनात आलं, एकटेपणाने हिला भास होत असतील.

"तू जा आता," मावशी हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "तू बसलीस की ते दाबून धरतात. परक्यासमोर खोकायला त्यांना कधीच आवडलं नाही. मग नंतर फार त्रास होतो गं त्यांना."

मी उठले. अंगण ओलांडलं. फाटकाची कडी काढली...

आणि मागे, इतका वेळ कोंडलेला खोकला एकदम फुटला.

मला परत जायला हवं होतं. मी गेले नाही.