केटलवेल सरांची नेट

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. मी डोळ्यांनी पाहिलं, आणि कानांनी त्याहून जास्त ऐकलं.

इंग्लंडमधल्या श्रॉपशर काउंटीतली आमची शाळा. महायुद्ध संपल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा. ऑगस्टची सुट्टी लागलेली, मुलं घरी गेलेली, वसतिगृहाला कुलूप.

माझा थोरला भाऊ अँब्रोज तिथे लॅटिन शिकवायचा. त्याने लग्न केलं नाही, म्हणून घर मीच सांभाळायची. सुट्टीत तो काउंटीकडून क्रिकेट खेळायचा. एक पैसा न घेता, निव्वळ हौसेखातर. शाळेतल्या मुलांना नेटमध्ये घडवायचा तोही तोच.

त्यातली कितीतरी मुलं फ्रान्समधल्या लढाईतून परत आलीच नाहीत.

त्या संध्याकाळी मैदानावर अजून ऊन होतं. जेवण गार होत होतं, म्हणून मी त्याला बोलवायला निघाले. कुंपणाच्या अलीकडेच आवाज आला...

टक्.

चेंडू बॅटवर बसल्याचा.

मला बरंच वाटलं. चला, कुणीतरी सोबतीला आहे.

कुंपण ओलांडलं. अँब्रोज पॅड बांधून नेटमध्ये उभा होता. समोर...

कुणीच नव्हतं.

गवतावर चेंडूही नव्हता.

तरी कुणीतरी धावत आलं. मी पावलं ऐकली. अँब्रोज पुढे सरसावला... टक्.

"वा पेनहेल! टप्पा जरा पुढे टाक," तो म्हणाला.

रोलंड पेनहेल. त्याचा लाडका गोलंदाज. सोम नदीकाठच्या लढाईत, चिखलात गेला तो. पुरायलाही सापडला नाही.

मी ओरडले, "अँब्रोज! कुणाशी बोलतोयस?"

"हळू बोल ना, हॅरिएट. बुजतील."

"कोण बुजतील? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तो नुसता हसला.

घरी आल्यावर बरगड्या दुखतात म्हणाला, म्हणून मलम चोळायला गेले. त्याने सदरा काढला आणि माझ्या हातातली डबी पडली. अंगभर काळेनिळे डाग. गोल. प्रत्येकावर चेंडूच्या शिवणीचे टाके उमटलेले...

मग रोज तेच. काउंटीची तार आली, त्याने नकार कळवला. जेवण सुटलं. गालफडं बसली.

"मरशील अशाने," मी म्हटलं.

"मीच म्हणालो होतो त्यांना, परत आलात की खेळू. आलेत ते, हॅरिएट. आता दार लावून घेऊ?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आधीच जाऊन खेळपट्टीच्या मधोमध उभी राहिले. अँब्रोज आला. स्टंपांपुढे उभा राहिला. मी हलले नाही.

म्हटलं, "रोलंड, बाळा, पुरे आता. माझ्या भावाला सोड. आईकडे जा तुझ्या."

सगळं शांत. पक्षीसुद्धा.

मग पावलं आली... जवळ... अगदी जवळ... काहीतरी गार माझ्या खांद्याला घासून गेलं. ओल्या मातीचा वास आला.

मागे खाडकन वाजलं. मी वळले. मधला स्टंप उखडून लांब पडला होता.

अँब्रोजने बॅट काखेत धरून टाळ्या वाजवल्या. गालांवरून पाणी ओघळत होतं. "घेतलास एकदाचा! शाब्बास पोरा!"

मला वाटलं, सुटलो.

त्याने शांतपणे स्टंप परत रोवला. माझ्या मागे पाहत म्हणाला, "चला, पुढचा कोण?"

आणि माझ्या पाठीशी गवतावर पावलं सरकली...

एकाची नव्हेत. रांगेत उभ्या असलेल्या पोरांची.

पुढच्या उन्हाळ्याअखेरपर्यंत तो खेळला. मग एका सकाळी अंथरुणातच गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्याच्या जागी मिस्टर टॉली आले. पंचविशीचे, हसतमुख, तेही हौशी क्रिकेटवाले. मी शाळेशेजारीच एक लहानसं घर घेतलं. परवा, सुट्टी लागल्यावर, ते माझ्या फाटकापाशी थांबले.

"मिस केटलवेल, गावातली मुलं भारी गोड आहेत हो इथली! रोज संध्याकाळी मैदानावरून हाका मारतात. 'सर, येताय ना?'"

"तुम्ही... काय म्हणालात?"

"म्हटलं, आज नक्की येतो."

त्यांच्या काखेत पॅड होते. मी फाटकाची कडी काढेपर्यंत ते शीळ घालत निघून गेले.

मी घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

अजून उघडलेल्या नाहीत.