चांदीचं पिस्तूल कुलपात

“वाघ मीच होणार! आणि आजोबा मला ठो करणार!” बिरजूने बाकावरून उडी मारली आणि अशी डरकाळी फोडली, की वाचनालयातली कबुतरं फडफडत बाहेर गेली.

“पुढचे दोन दात पडलेला वाघ! हरणं हसून मरतील रे!” रिना म्हणाली.

अख्ख्या अहेरीत रिनाशी धड बोलणारं हे एकच माणूस होतं, आणि तेही सहा वर्षांचं! जूनमध्ये आईची बदली झाली आणि रिना पोंभुर्ण्याहून इथे आली. आई आरोग्यसेविका. सकाळी स्कूटीवरून जी गावोगाव फिरायला निघायची, ती दिवे लागल्यावर परतायची. बाबा नोकरीसाठी बल्लारपूरला. दिवाळीची सुट्टी लागताच वर्गातल्या मुली आपापल्या मामाकडे पळाल्या. रिना एकटीच जेवायची, एकटीच कॅरम खेळायची. आईला तिने यातलं अवाक्षरही सांगितलं नव्हतं. दमूनभागून आलेल्या माणसाला काय सांगायचं!

बिरजूचे आजोबा गुणवंतराव वाचनालय चालवत. रविवारी तिथे जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं, वाघाच्या शिकारीचं छोटंसं नाटकही होणार होतं आणि वस्तू पुसायला त्यांनी दोन मुलींना बोलावलं होतं. एक रिना. दुसरी सुकरी, आश्रमशाळेच्या वसतिगृहातली. तिचं गाव पार जंगलात. धानाची कापणी उरकल्याशिवाय बाप न्यायला येणार नव्हता, म्हणून रिकाम्या वसतिगृहात ती आणि स्वयंपाकीणबाई, दोघीच उरल्या होत्या. दोन दिवसांत सुकरी फार तर चार वाक्यं बोलली असेल.

प्रदर्शनाची शान होती दोन पिस्तुलं. एक असं देखणं, की बघतच राहावं! मुठीवर चांदीच्या वेली, नळीवर मोर, चापाजवळ इवलंसं हरीण. ते काचेच्या पेटीत ठेवून गुणवंतरावांनी कुलूप लावलं होतं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली होती. दुसरं मात्र काळंकुट्ट आणि ओबडधोबड. मूठ घामाने झिजलेली. ते दाराशी खिळ्याला लटकत होतं.

“चांदीच्याले कोणी हात लावाचा नाई! एक ओरखडा पडला, तर माझ्याशी गाठ आहे!” गुणवंतराव गरजले. “नाटकात मी शिकारी होणार, तेव्हा हे काळंच घेतो. दिवाळीतली टिकली लावली, की झाला आवाज! हे पडलं-झडलं तरी काय बिघडते?”

शुक्रवारी दुपारी ते चहाला गेले. सुकरी काचेला नाक लावून चांदीच्या पिस्तुलाकडे बघत बसली.

“आवडलं?” रिनाने विचारलं.

“हे खोटं आहे,” सुकरी म्हणाली. “पाह्य ना, टिकली ठेवाची जागा आहे, पण आग आत जायले भोकच नाई. हे कधी वाजलंच नसन.”

“तुला गं कसं ठाऊक?”

“माह्या आज्याकडे भरमार होती. नळीच्या तोंडातून दारू-गोळीचा बार भरतेत, ती बंदूक. मंग त्यानं ठाण्यात जमा केली.” बोलता बोलता ती दाराशी गेली आणि थबकली. “हे मात्र कामाचं हाय. रिना, कापड खाली ठेव. तोंडासमोर उभी नको राहू!”

रिना कापड टाकून झटकन बाजूला झाली.

नळीखाली लोखंडी गज खोचलेला होता, बार ठासायचा. सुकरीने बाजूला उभं राहून, पिस्तूल खिळ्यावरून न काढताच, तो गज हळूच ओढला आणि नळीच्या बाहेरून धरून दाखवला. नळी आणि गज लांबीला बरोबर सारखे. मग तिने तो तोंडातून आत सरकवला. चार बोटं गज बाहेरच राहिला!

“आजा रानातून आला, का पह्यले गज टाकून पाहे,” सुकरी कुजबुजली. “गज बाहेर राह्यला म्हंजे आत बार आहे. घरात लहान लेकरं होतो ना आमी.”

दोघी धावतच चहाच्या टपरीवर गेल्या. गुणवंतराव खो खो हसले. “अवो पोरींनो, माह्या आज्याच्या संदुकीत पडून होतं ते! गज दुसऱ्या बंदुकीचा असन. बापजन्मी बंदूक पाह्यली का तुम्ही?”

“सुकरीने पाहिलीय!” रिना म्हणाली.

“जा, कपाटं पुसा!”

रविवारी सकाळी रिनाने पुन्हा सांगून पाहिलं. तिने चिठ्ठीही लिहून दिली. गुणवंतरावांनी ती न वाचताच खिशात घातली. पाहुणे आले, खुर्च्या भरल्या. भिंतीशी बांबूचं रान रंगवलेला पुठ्ठा उभा होता आणि त्याच्यापुढे उभं राहणार होता बिरजू, शेपूट लावून! एवढी माणसं, आणि ऐकणारं एकही नाही.

“पिस्तूल लपवू या का?” सुकरीने विचारलं.

“छे! भरलेल्याला हात कशाला लावायचा? त्यापेक्षा वाघच पळवू!”

गुणवंतराव फेटा बांधत होते तेवढ्यात वाघ पसार झाला! वाचनालयामागच्या पाण्याच्या टाकीआड दोघी त्याला धरून बसल्या.

“मला ठो व्हायचंय!” बिरजूने भोकाड पसरलं.

“गप रे! वाघ दबा धरून बसतो, रडत नाही,” रिना म्हणाली.

आतून गुणवंतराव ओरडले, “वाघ भ्याला वाटते! असू द्या. मंडळी, समजा वाघ तिथी उभा आहे!”

धडाम्!

टिकलीचा आवाज कुठे असा असतो? टाकीचा पत्रा थरथरला. रिनाने बिरजूला घट्ट कवटाळलं. मग तिघं आत धावली.

पुठ्ठ्याच्या चिंध्या झाल्या होत्या आणि भिंतीचा गिलावा उडाला होता. बरोबर बिरजूच्या छातीएवढ्या उंचीवर. देवाच्या दयेने कुणाला खरचटलंही नव्हतं. गुणवंतराव फेटा हातात घेऊन खाली बसले होते. बिरजूला बघताच ते लहान मुलासारखे रडले.

“पोरी सांगत होत्या, लिहून देत होत्या, आन् मी शहाणा!” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “शोभेचं कुलपात ठेवलं आन् जीव घेणारं दारात टांगलं. सुकरी, तुह्या आज्याले माहा रामराम सांग, माय.”

ठाण्यातून धावत आलेल्या हवालदाराने पिस्तूल ताब्यात घेतलं. “गज टाकून पाहाची अक्कल आमच्यातही एखाद्यालेच असते!” तो म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात आई आली. वाटेतच कुणीतरी तिला सारं सांगितलं होतं. धावत आली होती, हेल्मेट डोक्यावर तसंच. “रिना! दोन दिवसांपासून तुले माहीत होतं? मले काऊन नाई सांगितलं?”

“तू दमलेली असतेस.”

“अन् बाकी काय काय नाई सांगितलं?”

टाळ्या चालूच होत्या. रिनाने ओठ दाबून धरले, पण हुंदका फुटलाच. “मी दिवसभर एकटी असते गं, आई. कोणी म्हणजे कोणीच नसतं.”

आईने हेल्मेट काढलं, बॅग खाली ठेवली आणि तिथेच पायरीवर बसली. रिनाला तिने जवळ ओढलं. पलीकडे एकटीच उभी असलेली सुकरी दिसली, तिलाही हाताने बोलावलं.

“बसा दोघी,” ती म्हणाली. “आज मी कुठी जात नाई. सांगा.”