बाहीतले दोन मिलिमीटर

सोमवारी सकाळी आल्या आल्या तिने खुर्ची पुढे ओढली, पाय टेबलाखाली घातले, आणि चपलेखाली काहीतरी मऊ आलं.

"हात आहे तो," टेबलाखालून शांत आवाज आला. "माझाच आहे. पुढे लागेल मला."

ती ताडकन उठली. टेबलाखालून आधी एक वायर बाहेर आली, मग धुळीने पांढरे झालेले केस, आणि मग दुखरी बोटं झटकत एक हसरा चेहरा. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. हे टेबल आपलं आहे आणि त्याखाली आपल्याला न विचारता कोणी जात नाही, असं तिने त्याला बजावलं. त्याने मान डोलावली, आणि पुढच्या वेळी खाली जाण्याआधी दार वाजवीन असं कबूल केलं. टेबलाला दार कुठून येणार... तिला हसू आलं, ते तिने खोकल्यात दडवलं.

तो कॉम्प्युटरवाला होता. सगळा कारखाना महिनाभर डोळ्यांत प्राण आणून त्याची वाट बघत होता.

कारखाना शिवणकामाचा. खालच्या मजल्यावर शिलाईची यंत्रं, मधल्या मजल्यावर कापणी, आणि सर्वांत वर, मोठ्या खिडकीच्या खोलीत, ती. शर्टाची बाही, कॉलर, मुंढा, सगळ्याचे कागदी नमुने ती कॉम्प्युटरवर आखायची आणि भिंतीएवढ्या प्लॉटरमधून छापून खाली पाठवायची. वय सव्वीस, तरी सगळे तिला मास्तरीण म्हणत. केसाएवढा फरक तिच्या डोळ्यांतून सुटत नसे. तिने एकदा बरोबर म्हटलं की मग कोणी टेप बाहेर काढत नसे, अगदी तीस वर्षं कात्री चालवलेले मोठे मास्तरसुद्धा नाहीत.

एवढ्या तीक्ष्ण नजरेच्या बाईच्या नशिबी कॉम्प्युटर मात्र आला होता बाबा आदमच्या काळातला. तो चालू करून ती चहाला जायची, चहा पिऊन, कप धुऊन परत यायची, तरी पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. त्यात दोन वर्षांपूर्वी कारखान्याने तिला पडद्यावर हाताने रेघ ओढायची पेन आणून दिली होती, आणि जुनी सिस्टिम त्या पेनला ओळखच दाखवत नव्हती. पेन खोक्यात पडून होती. नवी सिस्टिम आली की ती चालणार होती! खालच्या बायकांनाही नवे, झटपट उघडणारे पडदे हवे होते. कोणीतरी जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं, 'उरले दिवस नऊ', आणि रोज सकाळी तो आकडा पुसायला जिन्यात झुंबड उडायची.

मॅनेजरबाईंचा नियम एकच होता. आधी मास्तरणीच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम चढवून बघायची. जुना नमुना नव्यावर छापायचा, आणि मास्तरीण म्हणाली की बरोबर आहे, तरच बाकीच्या एकतीस कॉम्प्युटरना हात लावायचा. नमुना चुकला तर हजार शर्ट वाया जातात, हे सगळ्यांना पटलेलं होतं.

पहिली चाचणी मंगळवारी झाली. पडद्यावर आकडा आला, तीन टक्के, आणि तिथेच रुसून बसला. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून दोघं शेजारी शेजारी खुर्च्या टाकून त्या आकड्याकडे बघत बसली. अकरा टक्क्यांवर तिला कळलं की त्याला चहात साखर नको असते. सत्तावीसवर त्याला कळलं की ती भाऊ-वहिनीकडे राहते आणि लहानपणी बाहुलीचे कपडे बेतताना तिने आईची नवी ओढणी कापली होती. चव्वेचाळीसवर तो म्हणाला, "तुम्ही सारखं माझ्या हाताकडे बघताय."

"सूज आहे का, ते बघतेय."

"आज कालपेक्षा कमी आहे. पण काळजीने बघणारं कोणी असलं की बरी व्हायला वेळ लागतो म्हणतात."

ती पडद्याकडे वळली. कान मात्र तापले होते.

ऐंशी टक्क्यांवर तो सहज बोलून गेला की त्याचं कामच असं, एका गावात आठवडा, दुसऱ्या गावात आठवडा. इथलं बरोबर निघालं की उद्यापासून खालचे मजले, मग आठवड्याभरात सामान बांधायचं आणि चार तासांवरच्या दुसऱ्या कारखान्यात जायचं. वर यायचं काही कारण उरणार नाही... हे शेवटचं तो जरा हळू बोलला.

दुपारी नवा पडदा उजळला. स्वच्छ, झळझळीत. तिने खोक्यातून पेन काढली, श्वास रोखून पडद्यावर टेकवली, आणि मुंढ्याची गोलाई एका दमात ओढली. रेघ कुठे अडखळली नाही, कुठे तुटली नाही. तिला इतका आनंद झाला की तिने त्याचा हात धरून हलवला, तोही नेमका दुखरा. त्याने हूं की चूं केलं नाही.

मग प्लॉटरने बाही छापली. तिने ती भिंतीवरच्या पुठ्ठ्याच्या जुन्या नमुन्यावर ठेवली, टेप लावली. कडेला कड तंतोतंत बसत होती. तिला उड्या मारायच्या होत्या. तिने मान वर केली, तर तो खिडकीपाशी उभा राहून तिच्या उत्तराची वाट बघत होता, आणि तिला आठवलं, आता त्याला वर यायचं काही कारण उरणार नाही.

"दोन मिलिमीटर कमी आहे," ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा ती मापाबद्दल खोटं बोलली होती. तो जवळ आला. खिशातली पोलादी पट्टी काढून बाहीवर ठेवली, बराच वेळ वाकून बघितलं. "मग परत करायला हवं," इतकंच म्हणाला, आणि जुनी सिस्टिम पुन्हा चढवायला बसला.

घरी वहिनीने विचारलं की आज नवं काहीतरी येणार होतं ना, आलं का? तिने नाही म्हणून सांगितलं. नाही आलं तर मग गुणगुणत का फिरतेयस, असं वहिनीने विचारल्यावर तिला भांडी घासायची फार घाई झाली.

गुरुवारी दुसरी चाचणी झाली. पुन्हा तीन टक्के, पुन्हा शेजारी खुर्च्या. या वेळी तो आपला डबा घेऊनच वर आला, आणि तिनेही नेमकी दोघांना पुरेल एवढी भाजी आणली होती. बाही पुन्हा अचूक निघाली. तिने टेप लावली, डोळे बारीक केले, दीड मिलिमीटर म्हणून सांगितलं.

"प्रगती आहे," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"सावकाश करा. घाईने काम बिघडतं."

"मला कसली घाई? तुमची परवानगी असेल तर मी म्हातारा होईपर्यंत ही बाही दुरुस्त करीन."

हे बोलताना तो पडद्याकडेच बघत होता. तीही पडद्याकडेच बघत होती. पडद्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

सोमवारी तिसरी चाचणी झाली आणि फरक एक मिलिमीटरवर आला. तिकडे फळ्यावरचा आकडा दोनवर येऊन ठेपला होता, आणि खालच्या बायका जिन्यात तिला अडवून विचारत होत्या, कधी गं? ती आज-उद्या म्हणून वेळ मारून न्यायची. दोन वर्षं तिनेच या सिस्टिमसाठी मॅनेजरबाईंच्या मागे भुणभुण लावली होती, आणि आता तीच दारात आडवी पडली होती. रात्री पाठ टेकली की हे तिला टोचायचं. सकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली की टोचायचं बंद व्हायचं.

मंगळवारी मॅनेजरबाईंनी सगळ्यांना खाली बोलावलं. यंत्रं थांबली. बाईंनी सरळ सांगितलं की तीन चाचण्या फसल्या आहेत, नमुना जुळत नाही, त्यामुळे नवी सिस्टिम या वर्षी रद्द. पुढच्या वर्षी बघू. आणि ज्या ऑफिसने हा माणूस पाठवला त्यांना त्या आजच कळवणार होत्या, की ह्याला काम येत नाही, पुन्हा कुठे पाठवू नका.

शिलाईच्या बायकांचे चेहरे उतरले. एकीने निमूटपणे फडकं उचललं आणि ती फळा पुसायला निघाली. मास्तरणीने त्याच्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल, भांडेल, खिशातली पट्टी काढून दाखवेल असं तिला वाटलं. त्याने खाली मान घातली आणि म्हणाला, "माझ्याकडूनच काहीतरी राहून गेलं असेल."

ते ऐकलं आणि तिला राहवलं नाही. आपल्या डोळ्यांवर कारखान्याचा केवढा विश्वास, तो आता जाणार, हे तिला कळत होतं. तरी ती पुढे झाली.

"बाही बरोबर आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. मी खोटं सांगितलं."

मोठे मास्तर हळूच वर गेले आणि तिन्ही बाह्या पुठ्ठ्यासकट घेऊन आले. कापणीच्या टेबलावर त्यांनी त्या एकावर एक ठेवल्या, टेप लावली, चष्मा पुसून पुन्हा लावली. मग मॅनेजरबाईंकडे बघून नुसती मान हलवली.

"का पण?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. "तू? या सिस्टिमसाठी माझं डोकं तूच खाल्लंस ना दोन वर्षं?"

"बरोबर आहे म्हटलं असतं तर ह्यांचं वरचं काम संपलं असतं," ती म्हणाली. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. "काम संपलं असतं तर हे गेले असते. मला ते नको होतं."

एवढ्या माणसांसमोर एवढं बोलून झाल्यावर तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कोणीतरी फिसकन हसलं, कोणीतरी त्या हसणारीला कोपर मारलं. तिने डोळे घट्ट मिटून घेतले.

"बाई," त्याचा आवाज आला. "पत्र पाठवायचंच असेल तर त्यात अजून एक लिहा. मीही मोजली होती."

तिने डोळे उघडले.

"पहिल्याच दिवशी मोजली," तो सांगत होता. बोलत होता बाईंशी, बघत होता तिच्याकडे. "माझी पट्टी अर्धा मिलिमीटरसुद्धा दाखवते. बाही बरोबर होती. ह्या कमी आहे म्हणाल्या, आणि मला इतकं बरं वाटलं की... मी परत करायला हवं म्हणालो. तिन्ही वेळा. सिस्टिममध्ये खोट नाही. खोट माझ्यात आहे."

हसू एकदम फुटलं आणि सगळा मजला हसायला लागला. मॅनेजरबाई तेवढ्या हसल्या नाहीत. दोघांनी संगनमत करून आपला आठवडा खाल्ला, आणि संगनमत आहे हे दोघांनाच ठाऊक नव्हतं, असा गाढवपणा आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी शिक्षा सुनावली. पत्र जाणार नाही, पण शनिवारी संध्याकाळपर्यंत बत्तीसच्या बत्तीस कॉम्प्युटर नवे झाले पाहिजेत, आणि त्याच्या हाताखाली मास्तरीण राबणार. हे सांगून त्या केबिनकडे वळल्या. दार लावता लावता त्यांचे खांदे हलताना मोठ्या मास्तरांनी पाहिले, पण ते कोणाला बोलले नाहीत.

मग काय, चार दिवस कारखान्यात नुसती धमाल उडाली. एका वेळी आठ-आठ पडद्यांवर आकडे चढत होते, आणि बायका पैजा लावत होत्या की कोणाचा आधी शंभर गाठतो. एका पडद्याने नव्याण्णववर वीस मिनिटं जीव टांगणीला लावला, तेव्हा चौघी जणी त्याच्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मास्तरीण वायरी धरायची, यादीवर खुणा करायची, मजल्यामजल्यांवर धावायची. तो टेबलाखालून नुसता हात बाहेर काढायचा आणि ती त्यात हवी ती वस्तू ठेवायची. कधीकधी हात लगेच आत जात नसे.

शनिवारी दुपारी चारला शेवटचा पडदा उजळला. टाळ्या झाल्या. बायका आपापल्या जागी जाऊन नव्या पडद्यावर उगाच इकडेतिकडे बोटं फिरवत बसल्या. तो आपली पिशवी भरू लागला आणि ती शेजारी उभी राहून वायरी गुंडाळू लागली. एक वायर तिने तीनदा गुंडाळून तीनदा सोडली.

"संध्याकाळची गाडी आहे," तो म्हणाला. "सोमवारपासून तिकडे."

"माहीत आहे."

"तुम्ही त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललात. मी मात्र नुसतं मापाचंच बोललो." त्याने पिशवी खाली ठेवली. "मला तुम्ही आवडता. आकडा तीनवर अडकला होता ना, तेव्हापासून. तो तिथेच अडकून राहावा असं वाटत होतं. आता मला सांगा, मी इकडे पुन्हा कसा येऊ? इथे तर सगळं नीट चालतंय. काहीतरी बिघडवून ठेवू का?"

ती हसली. मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसायच्या भानगडीत न पडता तिने पहिल्यांदाच त्याला एकेरीत हाक मारली.

"ए... पुढच्या रविवारी ये. घरी ये," ती म्हणाली. "वहिनीने विचारलं कशाला आलास, तर माझ्यासाठी आलो म्हणून सांग. या वेळी काही काम काढून येऊ नकोस."