गतिरोधकापलीकडच्या पट्ट्या

"पुन्हा?" संयम ओरडला.

गाडीचा पुढचा डावा टायर बसत चालला होता. पप्पांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. चेलना खाली उतरली. तोच गतिरोधक, तेच कापसाचं शेत, पलीकडे तेच झुलालभाऊंचं पंक्चरचं दुकान. भाऊबीजेसाठी धुळ्याहून भडगावला चंदनभुआकडे, म्हणजे पप्पांच्या बहिणीकडे, येताना टायर फाटला होता, तो इथेच.

आजचा अख्खा दिवसच वैतागाचा होता. भुआच्या गल्लीत चार्जिंगची सोय नव्हती, म्हणून पप्पा दोघांना घेऊन सकाळीच चाळीसगावला गेले. तिथे चार्जरसमोर कुणीतरी डिझेलची गाडी लावून जेवायला गेलेलं. तो माणूस येईपर्यंत निम्मा दिवस गेला, आणि प्रत्येक येणाराजाणारा विचारत होता, "मधेच चार्जिंग संपलं तर ढकलायची का?" एवढं करून चार्ज झालेली गाडी आता इथे अडून बसली होती.

"स्टेपनी काढा ना," संयम म्हणाला.

"या गाडीत स्टेपनी देतच नाहीत," पप्पा चिडून म्हणाले. "आणि साध्या दोरीनं ओढूनही नेता येत नाही. टायरचं सोड, पण काही उडून खालच्या बॅटरीला लागलं ना, तर मी आपलं धुळ्याचं दुकान सोडून हिचीच सेवा करत बसायचं."

चेलनानं टायरपाशी वाकून पाहिलं. रबरात बोटभर रुंदीची लोखंडी पट्टी घुसली होती. कडा पात्यासारख्या धारदार. मागच्या वेळीही अशीच निघाली होती.

"ताई," संयम कुजबुजला, "दुकान समोरच आहे. हेच टाकत असतील."

कुजबुज त्याची नेहमीच मोठी असे. जॅक घेऊन येणारे झुलालभाऊ थबकले. "मी कसाले टाकसू, पोऱ्या? मन्हा भाचानी गाडी बी आठेच पंक्चर व्हयनी. बठ्ठ्या पट्ट्या आठेच सापडतस."

संयमचे कान लाल झाले. चेलनानं त्यांची माफी मागितली, पण त्यांचा 'आठेच' हा शब्द तिच्या डोक्यात राहिला. इथेच. सगळ्या पट्ट्या का बरं इथेच?

"मला माहीत आहे, कुठून येतात," मागून आवाज आला.

कापसाच्या शेतातून एक मुलगी बांधावर आली होती. वयानं चेलनाएवढीच. तिचं नाव हेमलता. आश्रमशाळेला सुट्टी लागली म्हणून ती सातपुड्यातल्या गावाहून आईवडिलांबरोबर कापूस वेचायला आली होती. बांधाच्या कडेला तिनं लोखंडी पट्ट्यांचा ढीग रचला होता.

"मीच उचलून ठेवते रोज," ती म्हणाली. "माझा बाबा सायकलवरून इथंच पडला. हात मोडला. दवाखान्यात, मळ्यात, सगळे म्हणाले, सिंगा दारू पिऊन पडला असणार. बाबा पीत नाही. मी पट्टी दाखवली तर हसले."

तिचा आवाज शांत होता, पण जबडा घट्ट आवळलेला. आपला टायरचा राग चेलनाला एकदम लहान वाटला.

"पट्ट्या कुठून येतात म्हणालीस?"

"तिकडच्या जिनिंग कारखान्यातून. कापसाच्या गाठी बांधायच्या पट्ट्या आहेत या. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी जुनं भंगार ट्रॉलीनं भडगावला जातंय. मी गेटवर सांगायला गेले, तर हाकलून दिलं."

चेलना रस्त्यावर फिरून आली. पट्ट्या फक्त भडगावकडे जाणाऱ्या बाजूला होत्या. गतिरोधकाच्या अलीकडे एकही नाही, पलीकडे मात्र तीन-चार. हेमलताचं बरोबर होतं. ट्रॉली इथे उसळते आणि मागून पट्ट्या सांडतात.

टायरला ठिगळ लागल्यावर चेलनानं पप्पांना जिनिंगवर चला म्हटलं. "जाऊ दे गं," ते म्हणाले. "परगावात कुठे भांडत बसायचं?"

"पप्पा, हिच्या बाबांचा हात मोडलाय."

पप्पांनी हेमलताकडे पाहिलं, तिलाही गाडीत घेतलं आणि मुकाट्यानं गाडी वळवली.

जिनिंगचे मॅनेजर मोतीलालशेठ ट्रॉली भरून घेत होते. त्यांनी पट्टी हातातही घेतली नाही. "आमची ट्रॉली बांधलेली असते. ड्रायव्हरला विचारा."

"मागे गाडी असली की ड्रायव्हर हळू जातो," हेमलता चेलनाच्या कानात म्हणाली. "मी बघितलंय. आवाज आला की वळून बघतो."

चेलनाला एकदम सुचलं. "काका, तुम्ही कधी इलेक्ट्रिक गाडीत बसलात का?"

"नाही. किती देते?"

"बसून बघा ना. तुमच्या ट्रॉलीच्या मागे जाऊ. आमच्या गाडीचा आवाजच होत नाही."

शेठ हसले, पण नव्या गाडीचा मोह त्यांना आवरला नाही. आधी पप्पांनी संयम आणि हेमलताला झुलालभाऊंकडे सोडलं. ट्रॉली पुढे गेली की मागून येणाऱ्यांना लाल कापड दाखवून थांबवायचं, असं ठरलं.

ट्रॅक्टर निघाला. ड्रायव्हरनं गाणं लावलं होतं. पप्पा शेठ आणि चेलनाला घेऊन, बरंच अंतर ठेवून मागोमाग निघाले. ट्रॅक्टर वेग कमी न करता गतिरोधकावर चढला, ट्रॉली धाडकन आदळली आणि मागचं फाळकं हातभर उघडलं. खणखण करत पट्ट्या रस्त्यावर पसरल्या. पप्पांनी करकचून ब्रेक दाबला.

त्याच क्षणी शेजारून एक मोटरसायकल पुढे गेली. टाकीवर लहान पोर, मागे बाई. बांधावरून हेमलता जिवाच्या आकांतानं लाल कापड हलवत होती, झुलालभाऊ "थांब रे, थांब!" म्हणून ओरडत होते. मोटरसायकल घसरत थांबली. चाकापासून वीतभर अंतरावर एक पट्टी धार वर करून पडली होती.

मोतीलालशेठ खाली उतरले. त्यांनी ती पट्टी उचलली. कडेनं त्यांचं बोट कापलं, तरी ते तिच्याकडे पाहतच राहिले. ड्रायव्हरला फोन करून त्यांनी ट्रॉली थांबवली आणि जाऊन पाहिलं. फाळक्याची कडी तुटलेली होती आणि तिच्या जागी सुतळी बांधलेली होती.

"कडीला वेल्डिंग झाल्याशिवाय आणि वरून ताडपत्री बांधल्याशिवाय एकही खेप निघणार नाही," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. मग सगळ्यांबरोबर स्वतः वाकून रस्ता साफ केला.

"पोरांनो, आज तुम्ही एक घर वाचवलंत," मोटरसायकलवाला म्हणाला.

पप्पांनी चेलनाच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तर जाऊ दे म्हणालो होतो," ते म्हणाले. "बरं झालं, ऐकलं नाहीस."

"हेमलतानं शोधलंय सगळं," चेलना म्हणाली आणि शेठकडे वळली. "आणि काका, तिच्या बाबांना सगळे दारुडा म्हणतात."

शेतातल्या मजुरांची एव्हाना बांधावर गर्दी झाली होती. त्यात हेमलताची आई बिजलीबाई होती आणि हात गळ्यात अडकवलेला सिंगा मागे, मान खाली घालून उभा होता. मोतीलालशेठनी हेमलताला त्याचं नाव विचारलं आणि रुमाल बोटाला गुंडाळत ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"सिंगाभाऊ," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही प्यायलेले नव्हता. आमच्या पट्टीनं पडलात. माझी चूक आहे."

सिंगानं हळूहळू मान वर केली आणि आधी शेठकडे नाही, हेमलताकडे पाहिलं.