जिन्यावरची लोरीन

मोटारीत बसून बघायच्या सिनेमाला टाळ्या नसतात, हॉर्न असतात. विनोद जमला की दोनशे मोटारी एकदम बोंबलतात, आणि पडदा बिघडला तरी त्याच बोंबलतात. नेब्रास्कातल्या आमच्या मैदानावर मी अकरा वर्षं प्रोजेक्टर चालवत होतो, त्यामुळे हॉर्नवरून सिनेमाची लायकी सांगायचो.

बासष्टच्या ऑगस्टात लागलेला सिनेमा शुद्ध पोरखेळ होता. कॉलेजची टोळी झपाटलेल्या बंगल्यात अडकते आणि भुताच्या चादरीखालून कॅनव्हासचे बूट दिसतात! पण त्यात माझी मुलगी लोरीन होती. नटी व्हायचं म्हणून भांडून कॅलिफोर्नियाला गेली, त्यानंतर दीड वर्षं पत्र नाही. सिनेमात जिन्यावर एक किंकाळी, एवढंच तिचं काम. पोरगी दिसली, मला भरून आलं.

गुरुवारी त्या किंकाळीला हॉर्नचा नुसता धुमाकूळ. शुक्रवारी नेमके तिथेच सगळे गप्प. केबिनमध्ये यंत्राच्या खडखडाटात मला संवाद ऐकू येत नाहीत. लोक ते खांबावरून काढून मोटारीच्या काचेला अडकवलेल्या स्पीकरवर ऐकतात. म्हणून मी मक्याच्या लाह्या विकणाऱ्या ऑपलला विचारलं.

"पोरं म्हणतात, ती किंचाळत नाही. हाका मारते."

"कुणाला?"

"ऑर्विल, तू उद्या स्वतःच ऐक ना."

शनिवारी सकाळी मी फिल्म दिव्यासमोर धरून एकेक चौकट तपासली. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले. किंकाळीच होती. मग पोरांनी ऐकलं काय? माझं डोकंच चालेना.

संध्याकाळी ऑपलला यंत्रापाशी उभं केलं आणि पहिल्या रांगेतल्या खांबावरचा स्पीकर कानाला लावला. लोरीन जिन्यावर आली.

तिचे डोळे उघडे होते.

"पपा, मला घरी न्या."

"आहेस कुठे तू?" मी ओरडलो. शेजारच्या मोटारीतली पोरं खिदळली.

तेवढ्यात रीळ संपलं. ते बदलायची पडद्याच्या कोपऱ्यातली खूण ऑपलच्या नजरेतून सुटली होती. पडदा पांढराफटक पडला आणि सगळं मैदान चिडून हॉर्न वाजवू लागलं.

फिल्म थांबली की स्पीकर मुका होतो. हा झाला नाही.

"किती हॉर्न, पपा! आवडलं का हो सगळ्यांना?"

मी हो म्हणालो. बापाने दुसरं काय म्हणायचं?

"मग मी इथेच राहते," ती म्हणाली.