शुक्रवारी चालणारे कॉम्प्युटर

"गेलं! पुन्हा गेलं सगळं!" जिब्रान ओरडला. "लई झालं आता!"

शहागंजजवळच्या मदरशातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडले होते. रोज वर्ग सुरू झाला, की हेच! जिब्रान मदरशातच राहायचा. सई आणि केयूर ही पुंडलिकनगरची भावंडं मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती यायची, इथं कॉम्प्युटर शिकवणाऱ्या भानुमतीमावशीच्या मदतीला.

"शनिवारी कॉम्प्युटर परत नेणार आहेत," मावशी वैतागून म्हणाली. "ज्या संस्थेनं दिले, तिथले श्रीनिवाससर म्हणतात, यंत्रं ठणठणीत आहेत, पोरांनाच शिकायचं नाही!"

"आमाला इचारलं का त्यांनी?" जिब्रान चिडला. "तपासायला येतात ते शुक्रवारी! जुम्म्याची सुट्टी असती आमची!"

केयूर चमकला. "म्हणजे शुक्रवारी कॉम्प्युटर चालतात? त्या दिवशी वेगळं काय असतं?"

"काय नाय. टँकरबी येत नाय. टँकरवाला नमाजला जातो ना!"

तेवढ्यात मागून मोटारीची घरघर ऐकू आली. नळ कोरडेच होते. टँकरचं पाणी मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढत होतं. तिघांनी खिडकीतून डोकावलं. चौकीदार रहीमचाचा मोटारीपाशी उभे होते आणि वर्गाचा काढलेला फ्यूज चक्क त्यांच्या खिशातून डोकावत होता!

"सांगूया सरांना!" जिब्रान म्हणाला.

"नको! म्हणतील, पोरांची कारणं!" सई म्हणाली. "त्यांच्याच डोळ्यांनी बघू देत."

मावशीनं सरांना दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ऐन वर्गात बोलावलं.

"सर, मराठीत कसं टाइप करायचं?" केयूरनं भोळेपणानं विचारलं.

"सोप्पं आहे!" सर ऐटीत बसले. चार ओळी झाल्या आणि... अंधार!

"अरे! माझं सगळं गेलं की!"

"आमचं रोज जातं!" सगळी पोरं एकदम ओरडली.

सईनं सरांना थेट मोटारीपाशी नेलं. रहीमचाचा गोंधळले. "मोटार नि कॉम्प्युटर दोन्ही एकदम चालवलं, तर वायर जळती, साहब. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, पोरांना पाणी नको?"

"मग सांगितलं का नाही?"

"इचारलं कुणी?"

सरांची मान खाली गेली. मदरसा चालवणाऱ्या मौलानासाहेबांनी वर्ग तिथल्या तिथं, टँकर यायच्या आधी, सकाळचा करून टाकला.

"कॉम्प्युटर इथंच राहतील," सर म्हणाले. "शाब्बास रे पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही, ते..."

"कौतुक मागून करा, सर!" जिब्रान कळवळून म्हणाला. "चाचा, टाकी भरली! फ्यूज द्या की आता!"