गप्प टाक्या

जलचाचणी कक्षात सहा काळ्या टाक्या ओळीनं बसवल्या होत्या. आत पाणी, बाहेर कार्बनच्या तंतूंचं घट्ट वेटोळं. प्रत्येकीच्या अंगावर चार कर्णिका चिकटवलेल्या. तंतू तुटताना होणारा, माणसाला ऐकू न येणारा आवाज या कर्णिका टिपत. चाचणी झाली की टाक्यांत पुन्हा हायड्रोजन भरायचा आणि त्या उद्या खाडीतल्या फेरीबोटीवर चढवायच्या, ऐंशी उतारूंच्या पायाखाली.

दाब चारशे बारवर गेला. एकही आवाज आला नाही. आवाज आला की बाद ठरवणाऱ्या निर्णययंत्रानं सहाही दिवे हिरवे केले.

"झालं," डेपोप्रमुख मयेकर म्हणाले. "सही करा मॅडम, जेवण निवतंय."

तपासनीस डॉ. नसीमा हमदुले यांनी पेन उघडलं नाही. "सातवी कुठाय?"

"बदलीची? रंग उडालाय तिचा. मागं ठेवलीय."

"आणा."

बोटीचा तांडेल गजा पावसकर ती ढकलगाडीवरून घेऊन आला. "ढ पोराला तपासणीच्या दिवशी घरी ठेवतात बाई, तशी ठेवली होती."

पाणी भरून, कर्णिका लावून दाब दिला तेव्हा सातवी साडेतीनशेपर्यंत गप्प राहिली. त्यापुढं पडद्यावर बारीक ठिपके उमटू लागले. निर्णययंत्राचा दिवा लाल झाला.

"बघा," मयेकर म्हणाले. "हिला बाद करा."

"ही पास. त्या सहा बाद."

मयेकर हसले. मग नसीमाबाई हसत नाहीत हे पाहून थांबले.

"तंतुटाकीला आठवण असते," त्या म्हणाल्या. "ती ज्या दाबापर्यंत गेली, तिथपर्यंतचे कमजोर तंतू तुटून गेलेले असतात. तुटलेला तंतू दुसऱ्यांदा तुटत नाही, म्हणून त्या दाबाखाली ती गप्प असते. वर गेली की बोलते. थोडी बोलली तर निरोगी, फार बोलली तर जायबंदी."

"कारखान्यात याहून जास्त दाब देतात की."

"तंतू चिकटवणारी ही जैवराळ आहे. कारखान्यातला दाब वर्षात विसरते. तिला आठवतो तो रोजच्या भरण्याचा, साडेतीनशेचा. सातवी नेमकी तिथूनच बोलायला लागली. मग या सहा कधी बोलल्या?"

उत्तर तांडेलानं दिलं.

"परवा या सहांची तालीम झाली ना, चारशेपर्यंत. साहेब येणार म्हटलं की आपण करतोच. शाळेत करून घ्यायचे, तशी."

"कर्णिका लावल्या होत्या?"

"तालमीला कशाला?"

"म्हणजे त्या परवाच बोलून मोकळ्या झाल्या. थोडं बोलल्या की फार, ते कुणीच ऐकलं नाही."

"मी काही लपवायला केलं नाही," मयेकर म्हणाले.

"माहीत आहे मला."

"मग यंत्र हिरवं म्हणतंय ते माना. तुम्ही अडून बसलात तर वरून दुसरा तपासनीस येईल, सही करील. तुमची खुर्ची मात्र जाईल."

"जाऊ दे. त्याच्यासमोरही या गप्पच बसतील. इथं चारशेच्या वर न्यायची मुभा नाही, आणि चारशेपर्यंत कितीही वेळा दाबा, पासच होतील. म्हणून तर आता त्यांची चाचणी होऊच शकत नाही."

"एका टाकीवर बोट चालत नाही मॅडम."

"मग बोट चालणार नाही."

तांडेलानं सहाही टाक्यांवरून नजर फिरवली. याच टाक्यांवर उभं राहून तो रोज सुकाणू धरायचा. "बाद टाकीला भोक पाडतात ना, बाई? म्हणजे परत कुणी भरू नये म्हणून?"

"पाडतात."

"ड्रिल माझ्याकडं आहे."

"मी वर फोन लावतोय," मयेकर म्हणाले.

"लावा," नसीमाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पहिल्या टाकीतलं पाणी सोडलं.

पाणी गेल्यावर त्यांनी तांडेलानं आणून दिलेला ड्रिल टाकीवर टेकवला. कर्णिका अजून चिकटलेल्याच होत्या. पातं तंतूंत घुसलं, तसा पडदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठिपक्यांनी भरून गेला आणि पहिला दिवा लाल झाला.

"बोलली," तांडेल म्हणाला.

नसीमाबाईंनी पातं बाहेर ओढलं आणि दुसऱ्या टाकीचं पाणी सोडलं.